गाडी जुनी आहे, म्हणून काय?

जुन्या गाडीचा मालक कुणाकडेही तक्रार घेऊन गेला तरी त्याला एकच उत्तर मिळतं. चढाला दम टाकते? जुनी झाली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते? जुनी झाली. अ‍ॅव्हरेज घटलं, धूर येतो, सिग्नलला उभी राहिली की बंद पडते? अहो, किती वर्षं वापरणार, काढून टाका आता. शेजारी हे सांगतात, नातेवाईक सांगतात, नवी गाडी विकणारा तर सांगणारच. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण ज्याच्याकडे आपण नेमकं कारण विचारायला जातो तो मिस्त्रीही बॉनेट उघडायच्या आधीच हे वाक्य म्हणतो, तेव्हा मला मनापासून राग येतो. त्याचं काम तिथून सुरू व्हायचं असतं आणि तो तिथेच ते संपवतो.

या मताची बाजू आधी पुरती मांडतो. त्यांचं म्हणणं असं: पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत पन्नास ठिकाणी थोडी थोडी झीज झालेली असते. एक दुरुस्त करावं तर दुसरं निघतं. नेमकं कारण शोधण्यात दिवस जातो आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. त्यापेक्षा ज्या भागावर संशय आहे तो बदलावा, नाही जमलं तर पुढचा बदलावा. त्यातून नाहीच सुधारली, तर गाडीचं आयुष्य संपलं असं समजावं. शिवाय आता पेट्रोलमध्ये एथेनॉल आलं आहे. जुन्या गाड्यांचं तसंही काही खरं नाही.

ऐकायला हे व्यवहारी वाटतं. प्रत्यक्षात यातलं एकही विधान गाडीजवळ उभं राहून तपासलं तर टिकत नाही.

वयापासून सुरुवात करू. झीज आणि बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीज हळूहळू होते. महिन्यामागून महिने जातात तसा इंजिनाचा जोर किंचित कमी होत जातो. बिघाड एका दिवशी होतो. काल पुण्याहून साताऱ्याला नीट गेलेली गाडी आज सोसायटीच्या फाटकात बंद पडली, तर रातोरात ती म्हातारी झाली का? काहीतरी तुटलं, तुंबलं, सैल झालं किंवा गंजलं. त्या ‘काहीतरी’ला जागा आहे, नाव आहे आणि ते शोधायची पद्धत आहे. ताप आलेल्या सत्तरीच्या माणसाला डॉक्टरने न तपासता ‘वय झालं’ म्हणून परत पाठवलं, तर आपण त्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊ का?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, फियाट ११०० वरून आलेली, १०८९ सीसीचं इंजिन असलेली ही गाडी टॅक्सी म्हणून दिवसभर, पावसाळ्यात पाण्यातून, उन्हाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून फिरत होती. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तिला थांबवलं वीस वर्षांच्या कायदेशीर मुदतीने. इंजिन थकलं म्हणून ती थांबली नाही. वय हेच बिघाडाचं कारण असतं, तर शहरातली सर्वांत जास्त राबवलेली गाडी वीस वर्षं टिकली कशी? ती टिकली, कारण टॅक्सीवाल्याला ‘जुनी झाली’ हे उत्तर परवडत नव्हतं. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडायची. त्याला कारणच हवं असायचं.

आता ‘बदलून बघू’ या शब्दांकडे येतो. माझं खरं भांडण याच्याशी आहे.

मे महिन्याची दुपार, खंबाटकीचा घाट. कार्बोरेटरची गाडी, पद्मिनी म्हणा किंवा जुनी मारुती ८००, चढावर गचके देते आणि बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की काहीच झालं नाही अशी चालू होते. या एका लक्षणापायी किती पेट्रोल पंप बदलले गेले असतील? आणि पंप बदलूनही पुढच्या रविवारी त्याच वळणावर त्या गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या असतील, याबद्दल मला शंका नाही. कारण या लक्षणामागे निदान चार वेगळी कारणं असू शकतात आणि पंपाचा दोष त्यातल्या एकाशीच थोडाफार जोडलेला आहे.

पहिलं कारण म्हणजे व्हेपर लॉक. जुन्या गाडीत पंप इंजिनाला बोल्टने बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, आणि वाफ झालेलं पेट्रोल पंपाला ढकलता येत नाही. ओलं फडकं पंपावर टाकायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय याच कारणासाठी होता. दुसरं कारण इग्निशन कॉइल. तिच्या आतली तार किंवा तिच्यावरचं आवरण तापल्यावर दगा देतं आणि गार झाल्यावर पुन्हा जुळून येतं. तिसरं कारण टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजणं: पेट्रोल जसं वापरलं जातं तशी आत हवा यायला हवी, ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही नवा असला तरी ओढणार काय? चौथं, तापलेल्या इंजिनाच्या आचेने कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडणं, म्हणजे गाडी फ्लड होणं.

चारांत फरक कसा करायचा? गाडी बंद पडल्याक्षणी, गार व्हायच्या आत. आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर शोध तिथेच संपला. छिद्र साफ करा आणि घरी जा. आवाज नाही आला, तर एअर फिल्टर जागेवर असतानाच एका प्लगची वायर काढून तिला सुटा प्लग लावा, तो कार्बोरेटरपासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल कुठे सांडलेलं नाही, हे आधी पाहून घ्या. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरगळलेली आहे, तर बोट कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंटकडे वळलं. पेट्रोलचा विषय मिटला. ठिणगी निळी, कडक आहे, तर मग फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या गळ्यात बघत अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली नाही, तर वाटी कोरडी आहे, पेट्रोल पोहोचत नाही. पिचकारी उडते, पेट्रोलचा उग्र वास येतो आणि प्लग काढला तर तो ओला निघतो, म्हणजे पेट्रोल जास्त झालं आहे.

याला पाच-दहा मिनिटं लागतात. एक रुपयाचाही भाग लागत नाही. आणि हे अर्ध्या तासाने करता येत नाही, कारण तोवर पुरावा गार झालेला असतो. टो करून गॅरेजमध्ये नेलेली गाडी तिथे हसत चालू होते आणि मिस्त्री म्हणतो, ‘पंपच असेल, बदलून बघू.’ कशावरून? हा प्रश्न कुणी विचारत नाही.

बरं, व्हेपर लॉकच निघाला तरी वयाला दोष देता येत नाही. हीच गाडी याच घाटातून याच मे महिन्यात दहा वर्षं गेली असेल, तर यंदा काय बदललं? कुणीतरी पेट्रोलची नळी बदलताना ती एक्झॉस्टच्या जवळून नेली का? पंप आणि इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड स्पेसर परत बसवायचा राहिला का? रेडिएटर अर्धा तुंबलाय का? ओढणाऱ्या बाजूच्या रबरी नळीला चीर जाऊन ती हवा खाते आहे का? यातलं प्रत्येक कारण माणसाच्या हातून झालेलं किंवा माणसाच्या हाताने दूर होणारं आहे.

‘बदलून बघू’वाल्यांचा एक आधार असा असतो की नवा भाग टाकल्याने नुकसान तर होत नाही. होतं. जुन्या गाड्यांचे अस्सल भाग आता सहज मिळत नाहीत आणि बाजारात नकली भागांचा सुकाळ आहे. वीस वर्षं इमानाने चाललेला कंडेन्सर काढून त्याच्या जागी आठवड्यात मरणारा कंडेन्सर बसवला, तर मूळ बिघाड तसाच राहिला आणि दुसरा नव्याने विकत घेतला. मग लक्षणं एकमेकांत मिसळतात आणि पुढच्या मिस्त्रीला खरंच काही कळेनासं होतं. ‘जुन्या गाडीत एक केलं की दुसरं निघतं’ या वाक्यातली निम्मी ‘दुसरी’ अशी आपणच घातलेली असतात. जेट साफ करायला आत तार खुपसणं हा त्यातलाच प्रकार. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं, गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते, आणि पुन्हा बोल लागतो गाडीच्या वयाला.

धुराचंही हेच. निळा धूर दिसला की थेट निकाल: ‘इंजिन काम काढलंय, बोअर-पिस्टन करावं लागेल.’ निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच त्यातून कळतं. ते कुठून येतंय, हे धूर कधी येतो यावरून कळतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना किंवा लांब उतार गिअरवर उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येत असेल, तर आधी संशय घ्यावा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर. ते छोटे रबरी तुकडे असतात. चढावर जोर देताना सतत येत असेल, तर रिंग. अंदाजावर थांबायचं कारण नाही, कॉम्प्रेशन गेज नावाचं साधं उपकरण आहे. चारही सिलिंडरचा दाब मोजा. एखाद्याचा कमी आला, तर त्यात थोडं ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. दाब वाढला, तर गळती रिंगेतून होती. ऑइलने ती तात्पुरती बुजवली. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अख्खं इंजिन खोलायचं की नुसतं हेड उतरवायचं, हा मोठ्या खर्चाचा निर्णय या दोन आकड्यांवर ठरतो. ते न घेता इंजिन खोलायला सांगणाऱ्याला गाडी का द्यावी?

सेल्फ जड फिरतो म्हणून बॅटरी बदलणारे तर घरोघरी आहेत. नवी बॅटरी टाकली, दोन महिन्यांनी पुन्हा तेच, मग सेल्फ मोटर दुरुस्तीला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी कोकणच्या किंवा मुंबईच्या हवेत हिरवी पडलेली असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनाच्या धातूला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला, तर वीज वाटेतच अडते आहे. पट्टी घासून घट्ट केली की काम झालं.

आता एथेनॉल. या विषयावर दोन टोकांचे लोक आहेत आणि दोघेही तपासणीचा कंटाळा करतात. एकाचं म्हणणं, २०२३ पासून २० टक्के मिश्रण आलं आणि तेव्हापासून माझ्या गाडीला जे जे झालं ते त्यानेच झालं. दुसरा म्हणतो, त्याने काहीही होत नाही. दोघांनाही हिशेब मांडून बघता येईल. लिटरभर पेट्रोलमधून साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, लिटरभर एथेनॉलमधून २१. पाचवा हिस्सा एथेनॉल असेल, तर लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के फटका बसेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही आहे. म्हणजे लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १५ च्या आसपास यावी. तुमची ११ वर आली असेल, तर उरलेले चार किलोमीटर कुणी खाल्ले?

ते शोधायला हवं आणि ते सापडतं. दहा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवून उतरा आणि चारही चाकांजवळ जपून हात न्या. एखादं चाक इतरांहून तापलेलं असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. बरेचदा ब्रेकची रबरी नळी आतून फुगलेली असते, ती ऑइल जाऊ देते पण परत येऊ देत नाही. चोकची तार पूर्ण मागे जाते का, बघा. आणि थर्मोस्टॅट आहे का ते बघा. हा माझ्या विशेष रागाचा विषय आहे. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की शेकडो गाड्या वर्षानुवर्षं त्याशिवाय फिरत असतील. इंजिन ८० अंशांच्या पुढे चालावं म्हणून बनवलेलं असतं. थर्मोस्टॅट नसला की ते तापायला फार वेळ घेतं, हिवाळ्यात तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर झिजवतं. इंजेक्शनच्या गाडीत तर सेन्सर संगणकाला सांगत राहतो की इंजिन अजून गार आहे, आणि संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. गाडी गरम होण्याचं खरं कारण, तुंबलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा, मात्र तसंच राहतं. मग अ‍ॅव्हरेजच्या नावाने एथेनॉलला किंवा वयाला शिव्या.

एथेनॉलने काहीच होत नाही म्हणणाऱ्यालाही उत्तर आहे. जुन्या प्रकारचं रबर त्याने फुगतं आणि तडकतं. पेट्रोलच्या नळीला चीर जाणं ही आगीची गोष्ट आहे, तिथे चालढकल करायची नाही. एथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या नळ्या मिळतात, त्या टाकाव्यात. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ त्याने सुटतो आणि फिल्टर तुंबतो: गाडी शहरात ठीक चालते आणि हायवेला, चढाला दम तोडते. कार्बोरेटरला इंधन बदललेलं कळत नाही, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. आणि एथेनॉल पाणी धरतं. चार महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढून, आगीपासून लांब, स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर गाडी का चालू होत नाही ते डोळ्यांना दिसलं. यातला प्रत्येक परिणाम ठरावीक जागी होतो, तिथे बघता येतो आणि त्यावर ठरलेला उपाय आहे. ‘एथेनॉलने वाट लावली’ या वाक्याने यातली एकही नळी बदलली जात नाही.

स्कॅनरवर विसंबणाऱ्यांबद्दल थोडंसं. नव्या गाडीला कॉम्प्युटर लावला की दोष कळतो, जुन्याला तो नाही म्हणून कळत नाही, असा समज आहे. स्कॅनर तक्रार वाचून दाखवतो; निदान करत नाही. ‘पी ०१७१’ हा कोड आला तर त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. फाटलेली व्हॅक्यूमची नळी, थकलेला पंप, तुंबलेला फिल्टर, एक्झॉस्टची गळती, यातलं काहीही असू शकतं. पण ती तक्रार ऑक्सिजन सेन्सरने नोंदवली म्हणून सेन्सरच बदलला जातो. बातमी आणणाऱ्याला शिक्षा आणि गुन्हेगार मोकळा. पंधरा वर्षांपूर्वी पॉइंट बदलणारा हात आज सेन्सर बदलतो आहे, विचार तोच आहे.

एका ठिकाणी मी वाद घालणार नाही. चॅसी आणि सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा गंजून गेला असेल, टोचलं की आत जात असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. पण तेही लिफ्टवर चढवून, खालून बघून ठरवायचं असतं. ‘वीस वर्षांची आहे’ एवढ्यावर नाही.

मग एवढं सगळं करता येत असताना गॅरेजमध्ये होत का नाही? अडाणीपणा हे कारण मला पटत नाही. वर सांगितलेली प्रत्येक तपासणी येणारे मिस्त्री गावोगावी आहेत. कारण पैशांचं आहे आणि त्यात दोष आपला, मालकांचा आहे. पंप बदलला की आपण पंपाचे पैसे देतो. तासभर तपासून मिस्त्रीने टाकीच्या झाकणाचं छिद्र टाचणीने मोकळं केलं आणि तासाचे पैसे मागितले, की आपण म्हणतो, ‘एवढंच तर केलंस, याचे कसले पैसे?’ ज्याने आपला पंप वाचवला त्याचा आपण अपमान करतो आणि ज्याने उगाच तीन भाग बदलले त्याचं बिल मुकाट भरतो. मग त्याने तरी का शोधावं?

तेव्हा यापुढे पैसे शोधण्याचे द्या आणि हिशेबही शोधण्याचाच मागा. ठिणगी पाहिली का, गरम असताना की गार झाल्यावर? कॉम्प्रेशन किती आलं, कुठल्या सिलिंडरला? पेट्रोलचा दाब मोजला का? जो भाग बदलणार म्हणता, तो खराब आहे हे कशावरून ठरलं? काढलेला भाग माझ्या हातात द्या आणि त्यातला दोष दाखवा. ही उत्तरं मिळाल्याशिवाय एकाही नव्या भागाला हो म्हणू नका, आणि गाडी विकायला तर मुळीच नाही. गाडी किती सालची आहे ते मला ठाऊक आहे, आरसी बुकावर छापलेलं आहे. ती आज का बंद पडली, ते सांगा.